चमचाभर पाणी



मार्गशीर्ष सुरू आहे, गीता जयंती जवळ आली आहे, म्हणून या पंधरवड्यात आपण गीतेचा नववा अध्याय रोज थोडा थोडा वाचतो आहोत. आजचं वाचन: अध्याय ९, श्लोक २६, २७ आणि २८. तीनच श्लोक. आधी घरातली गीता काढा, नसेल तर मोबाईलवर उघडा, आणि एकदा मोठ्याने वाचा. लोकलमध्ये असाल तर मनातल्या मनात. उच्चार चुकला तरी काही बिघडत नाही. मग इथे परत या.

वाचलंत? २६वा श्लोक तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आधीपासून माहीत असेल. भगवंत म्हणतात की पान, फूल, फळ, पाणी यातलं काहीही जो मला भक्तीने देतो, त्या शुद्ध मनाच्या माणसाचं ते देणं मी घेतो. लहानपणी मला हा श्लोक फार सोपा वाटायचा. देवाला महागडं काही लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ मी धरला होता. आणि त्यातही सगळ्यात स्वस्त काय? पाणी. नळ उघडला की आलं.

गेले पाच महिने आमच्या घरात सगळ्यात अवघड गोष्ट पाणी आहे.

घरी काय चाललं आहे

रोज वाचणाऱ्यांना ठाऊक आहे, आषाढात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि वाचाही गेली. बाबा पोस्टातून निवृत्त झालेले. दिवसभर बोलणारा माणूस. सोसायटीत कोणाचं कोणतं पत्र अडलंय, कोणाचं बचत खातं कधी संपतंय, सगळं तोंडपाठ. आता त्यांच्याकडे एकच शब्द उरला आहे: ‘हो’. भूक लागली तरी हो, पोट भरलं तरी हो, दुखतंय का विचारलं तरी हो. कोणता ‘हो’ खरा, ते आम्ही त्यांच्या डोळ्यांवरून ओळखतो.

झटक्यानंतर गिळण्याचे स्नायूही नीट काम करेनात. त्यामुळे त्यांना साधं पाणी देता येत नाही. पाणी पातळ असतं, झरकन घशात उतरतं, आणि गिळायची क्रिया तेवढी चपळ नसेल तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून त्यांच्या पाण्यात घट्टपणा आणणारी पावडर मिसळायची, त्यांना ताठ बसवायचं, हनुवटी किंचित छातीकडे झुकवायची आणि छोट्या चमच्याने एकेक घोट द्यायचा. गिळल्याचं दिसलं की मगच पुढचा. (हे आमच्या बाबांना सांगितलेलं आहे. तुमच्या घरी असं कोणी असेल तर त्यांच्या डॉक्टरांना आणि थेरपिस्टना विचारूनच करा.) एक पेला पाणी संपायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. दिवसातून असे किती पेले, हिशेब तुम्हीच करा.

आता गेल्या मंगळवारची गोष्ट. सांगायला लाज वाटते, पण सांगितली नाही तर आजचं चिंतन खोटं होईल.

दिवसा येणाऱ्या मावशी सात वाजता घरी जातात. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून ती लवकर आडवी झाली. नऊ वाजता माझा ऑफिसचा कॉल होता आणि पावणेनऊला मी बाबांना पाणी देत होते. चादर नुकतीच बदललेली. त्या दिवसातली तिसरी. बाबांनी डाव्या हाताने चमचा बाजूला ढकलला, पेला कलंडला आणि ते गिळगिळीत पाणी चादरीवर, त्यांच्या सदऱ्यावर, माझ्या लॅपटॉपच्या वायरवर सांडलं.

मी ओरडले. “बाबा, निदान पाणी तरी नीट प्या ना!”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “हो.”

तेवढंच. मी चादर बदलली, कॉल घेतला, कॅमेरा बंद ठेवला. झोपताना सवयीने कृतज्ञतेची वही उघडली. रोज रात्री तीन गोष्टी लिहायच्या, असा नेम मी दोन वर्षांपूर्वी धरला होता, आणि तुम्हालाही तो धरायला सांगितला होता. त्या रात्री पान कोरं राहिलं. खोटं काय लिहू? ‘पंखा चालतो, धन्यवाद’?

आईचा पहिला चमचा

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्याशी चहा टाकत होते. आईची पूजा झाली होती. ती पळी-पंचपात्री घेऊन बाबांच्या कॉटपाशी गेली. हे ती रोज करते, पण मी नीट कधी पाहिलं नव्हतं. तीर्थातही ती चिमूटभर पावडर घालून ढवळते. सुरुवातीला तिने थेरपिस्ट ताईंना विचारून घेतलं होतं, आणि वर म्हणाली होती, “देवाला चालतंय, तुम्हाला चालत असेल तर सांगा.”

तिने कॉटचं डोकं वर केलं. बाबांचा उजवा हात, जो उचलला जात नाही, तो आपल्या हातात घेतला आणि त्यांच्या तळव्याची वाटी स्वतःच्या बोटांनी करून धरली. तीर्थ उजव्या हातावर घ्यायचं असतं ना, म्हणून पळीचा एक थेंब तिथे टेकवला. मग चमच्याने तोंडात. “घ्या,” म्हणाली. बाबांनी गिळलं. तिने त्यांचाच ओला हात त्यांच्या डोक्यावरून फिरवला.

पावडर तीच. चमचा तोच. माणूसही तोच. रात्री मी जे ‘काम’ म्हणून उरकत होते, ते सकाळी आईच्या हातात तीर्थ होतं. आणि मग माझ्या लक्षात आलं की डॉक्टरांनी सांगितलेली पद्धत आपल्याला शतकानुशतकं माहीत आहे. नीट बसायचं, थोडंसंच घ्यायचं, छोट्या पळीने, घाई करायची नाही. आपण तीर्थ असंच तर देतो.

मी आईला म्हटलं, “तुला कसं जमतं गं? मला काल…” पुढे बोलता येईना. तिने ऐकलं असणारच रात्री. वन बीएचकेमध्ये काय लपतं?

ती म्हणाली, “मलाही कंटाळा येतो. मी काय संत आहे? म्हणून तर तीर्थापासून सुरू करते. पहिला चमचा त्याचा झाला, की पुढचे वीस तो ओढून नेतो.”

श्लोक पुन्हा वाचू

त्या दिवशी लोकलमध्ये मी २६वा श्लोक पुन्हा उघडला आणि या वेळी एका क्रियापदापाशी थांबले. पान, फूल, फळ, पाणी या चारही वस्तूंसाठी भगवंत एकच शब्द वापरतात: ‘अश्नामि’, म्हणजे मी खातो. फळ खाणं समजू शकतं. पण पान? फूल? पाणी कोण खातं? वस्तू काय आहे, कशी घ्यायची असते, तिकडे घेणाऱ्याचं लक्षच नाही, असं ते वाक्य आहे. सुदाम्याच्या पोह्यांची गोष्ट आठवा. सुदामा पुरचुंडी लपवत होता आणि श्रीकृष्णांनी ती ओढून घेतली. माऊलींनीही ज्ञानेश्वरीत या ठिकाणी हेच सांगितलं आहे की पान-फूल-फळ हे निमित्त आहे, भाव हा खरा विषय.

‘भक्ती’ हा शब्द त्या एका श्लोकात दोनदा येतो, हेही पाहून ठेवा. भक्तीने देतो, आणि भक्तीने आणलेलं ते मी खातो. चार वस्तूंची नावं एकेकदाच आली आहेत.

आता मुद्द्यावर येते. कृतज्ञता म्हटलं की आपण मिळालेल्या गोष्टींची यादी करतो. आरोग्य मिळालं, घर मिळालं, नोकरी टिकली. यादी करणं चांगलंच आहे. पण यादीतली एखादी मोठी वस्तू हातातून गेली की सगळी वही कोरी पडते. माझी तशी पडली. या श्लोकात मिळण्याची यादी नाही. इथे कोणीतरी काहीतरी देतं आहे आणि कोणीतरी ते घेतं आहे. आपण द्यावं आणि ते घेणारं कोणी असावं, याला भगवंत एवढी किंमत देतात.

मी विचार केला, बाबांनी माझ्या हातचं घेतलं नसतं तर? पहिल्या आठवड्यात दवाखान्यात ते नाकातल्या नळीवर होते. तेव्हा आई बाहेरच्या बाकावर बसून म्हणायची, “एक चमचा माझ्या हातचं जाऊ दे त्यांच्या पोटात, मग काही मागणार नाही.” तो चमचा आज रोज जातो आहे, दिवसातून शंभर वेळा. ज्यासाठी आम्ही नवस बोललो, त्याच गोष्टीला मी मंगळवारी वैतागले.

आणि त्यांचा तो ‘हो’. मी ओरडले, आणि त्यांनी तेही घेतलं. त्यांच्याकडे दुसरा शब्द नव्हता, हे खरं. पण डोळे दुसरं काही बोलू शकले असते. बोलले नाहीत.

स्वयंपाकघरापासून सुरू होणारी यादी

२७व्या श्लोकात पाच गोष्टी सांगितल्या आहेत: जे करतोस, जे खातोस, जे हवन करतोस, जे दान देतोस, जे तप करतोस, ते सगळं मला अर्पण कर. यात क्रम बघण्यासारखा आहे. यज्ञ, दान आणि तप या मोठ्या गोष्टी नंतर आल्या. आधी काय आलं? करणं आणि खाणं. म्हणजे भांडी, डबा, लादी, चहा, मुलाचा अभ्यास, सासूबाईंचं औषध. पूजेला वेळ मिळत नाही म्हणून खंत करणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, श्लोकाची सुरुवात तुमच्या ओट्यापासून होते आहे.

आपल्याकडे हे सगळ्यात स्पष्ट कोणी जगून दाखवलं असेल तर जनाबाईने. मूळची गंगाखेडची, पोरकी, पंढरपुरात नामदेवांच्या वडिलांच्या, दामाशेटींच्या घरी कामाला आलेली. दळण, कांडण, झाडलोट, गोवऱ्या वेचणं हा तिचा दिवस. तिच्या अभंगांमध्ये विठ्ठल येतो तो याच कामांत. तो तिच्यासोबत दळू लागतो, केर भरतो, तिचे केस विंचरतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं जातं आजही दाखवतात. पुढच्या वेळी गेलात तर तिथे पाच मिनिटं बसा.

पण जनाबाईची गोष्ट आपण जरा जास्तच गोड करून सांगतो. विठ्ठल आला म्हणून तिचं दळण संपलं नाही. ती दासीच राहिली आणि स्वतःला नामदेवांची दासी म्हणवत राहिली. काम तेवढंच होतं. फक्त जात्याच्या दुसऱ्या बाजूला कोणीतरी बसलेलं होतं. जातं ओढलेल्या आजीला विचारा, दोघींनी समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात लावला की दळण किती हलकं होतं.

याच जात्यावर महाराष्ट्रातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पहाटेच्या अंधारात, एकटीने, कोणी ऐकायला नसताना म्हटलेल्या. त्यात विठ्ठल आहे, सीता आहे, भाऊ आहे, आणि सासरचं दुःखही आहे. आपल्या पणज्यांनी दुःख लपवून कृतज्ञता गायली नाही. दोन्ही एकाच जात्यात घातलं.

दुःखाला दुःखच म्हणायचं

हे मी मुद्दाम सांगते आहे. तुमच्यापैकी एकीने मला लिहिलं होतं, “ताई, सगळे सांगतात पॉझिटिव्ह राहा. मला नाही राहता येत. मी वाईट भक्त आहे का?”

नाही. याच नवव्या अध्यायात एकूण ३४ श्लोक आहेत. शेवटून दुसरा, म्हणजे ३३वा, काढून बघा. भगवंत तिथे या जगाला दोन विशेषणं लावतात: अनित्य आणि असुख. टिकणारं नाही, आणि सुखाचंही नाही. देव स्वतःच जगाला असुख म्हणतो आहे. मग तुम्ही तुमच्या घरातल्या दुःखाला दुःख म्हणालात तर श्रद्धा कमी कशी झाली? बाबांची वाचा गेली हे वाईट झालं. त्यात काहीतरी चांगलं दडलेलं असणार, असं मी म्हणणार नाही. मी एवढंच म्हणेन, की या वाईटाच्या आतही मला रोज काही देता येतं आणि ते घेतलं जातं.

अजून एक गोष्ट, तीही स्पष्टच. घरात कोणी मारत असेल, सतत अपमान करत असेल, पैसे हिसकावून घेत असेल, तर ते ‘अर्पण’ म्हणून सोसायचं नसतं. ते कोणाला तरी सांगा. विश्वासातल्या माणसाला सांगा, बायकांसाठी १८१ ही हेल्पलाईन आहे तिथे सांगा. आणि घरच्या आजारपणाने थकला असाल तर मदत मागा. मी बुधवारी भावाला फोन करून म्हटलं, “दादा, रविवार तुझा. मी करणार नाही.” तो आला. तोही आता चमच्याने पाणी द्यायला शिकला. माझ्या त्या आठवड्याच्या साधनेतला हा फोन सगळ्यात अवघड भाग होता.

मग आशा म्हणजे काय?

तुम्ही विचाराल, बाबा बरे होतील का? मला माहीत नाही. थेरपी चालू आहे. कधी दोन पावलं पुढे, कधी एक मागे.

२८वा श्लोक इथे कामाला येतो. त्यात भगवंत म्हणतात, असं अर्पण करत गेलास की शुभ आणि अशुभ अशा दोन्ही फळांच्या बंधनातून तू सुटशील. अशुभ फळातून सुटायला कोण नाही म्हणेल? पण शुभ फळाचंही बंधन असतं, हे मला या पाच महिन्यांत कळलं. ‘आज बाबांनी पाय हलवला, म्हणजे उद्या उभे राहतील’ असं मी धरून बसायची. उद्या ते उभे राहत नसत. मग त्यांचा राग यायचा, थेरपिस्टचा यायचा, देवाचाही यायचा. माझी आशा रिपोर्टवर टांगलेली होती.

विनोबांनी गीतेवरची प्रवचनं १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिली. दर रविवारी एक अध्याय, आणि साने गुरुजी ती लिहून घेत होते. समोर बसलेले कैदी घरापासून तुटलेले. चूल नाही, मुलंबाळं जवळ नाहीत. नवव्या अध्यायावर बोलताना विनोबांचा विषय होता समर्पण. मला ते दृश्य फार धीर देतं. जे आहे तेवढंच हातात घेऊन अर्पण करायचं असेल, तर ते तुरुंगातही करता येतं. आणि कॉटशेजारच्या स्टुलावर बसूनही.

आता माझ्यासाठी आशा म्हणजे एवढंच: उद्या सकाळीही मी चमचा पुढे करेन, आणि घेणारा तिथे असेल. बाबांच्या रूपाने आहे तोवर त्यांच्या रूपाने. कधीतरी ते नसतील. तेव्हाही ज्याने ‘मी खातो’ असं म्हटलं आहे, तो असेल. एलआयसीच्या बोधचिन्हाखालचं संस्कृत वाक्य पाहिलंय ना? ते याच अध्यायातल्या २२व्या श्लोकातलं आहे. आपल्या माणसांचा भार मी वाहतो, असं देणारा तो शब्द. पॉलिसीच्या कागदावर आपण ते शंभर वेळा बघतो, आणि चिंता करताना नेमकं विसरतो.

दोन छोट्या गोष्टी सांगून थांबते.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी बाबांचा हयातीचा दाखला द्यायचा होता. आता तो मोबाईलवर चेहरा दाखवून घरूनही देता येतो. मोबाईल सांगतो, डोळे मिचकवा. मी फोन धरला, आई मागून बाबांची मान सावरत होती. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा बाबांनी नको तेव्हा डोळे मिटले. मी रडकुंडीला आले होते, तेवढ्यात आई फोनला म्हणाली, “अहो, आहेत ते! माझ्यावर विश्वास ठेवा!” आणि बाबा हसले. अर्ध्याच चेहऱ्याने, पण आवाज काढून हसले. आम्ही तिघं हसलो. चौथ्यांदा दाखला निघाला. आई म्हणाली, “झालं बाई. सरकारनेही मान्य केलं.” आषाढानंतर आमच्या घरात सगळे मिळून हसलेलं मला आठवतं ते त्या दिवशी.

दुसरी गोष्ट परवाची. थेरपिस्ट ताईंनी सांगितलं होतं की अशा आजारात बोलण्याचे शब्द अडले तरी तोंडपाठ असलेली गाणी, प्रार्थना काही जणांच्या ओठांवर येतात, प्रयत्न करून बघा. म्हणून आम्ही संध्याकाळी बाबांजवळ बसून हरिपाठ म्हणतो. शब्द अजून आले नाहीत. पण परवा बाबांच्या डाव्या हाताची बोटं कॉटच्या कठड्यावर टाळासारखी पडत होती, बरोबर ठेक्यात. त्याच रात्री तहान लागली तेव्हा त्यांना पाणी मागता आलं नाही. ‘हो’च म्हणाले. मी डोळ्यांकडे पाहिलं, आणि पेला घेतला.

आज करून बघा

१. तुमच्या घरातलं एक कंटाळवाणं काम निवडा. एकच. रोज करावं लागतं असं. त्याचा फक्त पहिला भाग देवाचं नाव घेऊन करा: पहिली पोळी, पहिलं भांडं, डब्यातला पहिला चमचा. बाकीचं नेहमीसारखं करा. आईचं म्हणणं आठवा, पुढचं तो ओढून नेतो.

२. रात्री वहीत मिळालेल्या तीन गोष्टींऐवजी एक ओळ लिहा: आज माझ्या हातून कोणी काय घेतलं? मुलाने घास, शेजारणीने वाटीभर साखर, मित्राने फोनवरची दहा मिनिटं. घरी एकटे राहत असाल तर कुंडीतल्या तुळशीने पाणी घेतलंच असेल.

३. आज कोणावर ओरडला असाल तर झोपायच्या आधी माफी मागा. मी बुधवारी रात्री मागितली. “बाबा, काल चुकलं माझं.” ते काय म्हणाले असतील, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

प्रार्थना

पांडुरंगा, आमच्या घरात जे आहे ते तुला दिसतंच आहे. सांडलेलं, थकलेलं, अर्धवट राहिलेलं. त्यातलं जेवढं आमच्या हातात उचललं जाईल तेवढं तुझ्यापुढे धरतो. तू घे. ज्यांच्या हातून आज काही देणंही होत नाही, जे फक्त घेऊ शकतात, त्यांच्या घेण्यातही तू आहेस, हे आम्हाला दिसू दे. उद्याचा पहिला चमचा तुझा.

उद्या सकाळी श्लोक २९ वाचू. तोवर पाणी प्या, आणि कोणाला तरी द्या.

राम कृष्ण हरी!